बशी पालथी घालून पाहा

पेडणे तालुक्यातल्या मोपा येथे जानेवारी २०२३ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याच्या आधीपासूनच भोवतालच्या गावांतल्या जमिनींबरोबर जुन्या घरांनाही गिऱ्हाईक येऊ लागले होते. डिचोलीकडे कारणे थोडी वेगळी असली तरी गोष्ट तीच. मुले मुंबई-पुण्याला किंवा परदेशात, चार भावांच्या वाटण्या, दर पावसाळ्यात खचणारी एक भिंत आणि शाकारणीला माणूस मिळत नाही ही कटकट. शेवटी घर विकले जाते. विकताना सागवानी खांब, शिसवी पलंग, कोरीव दारे यांची मोजदाद होते. तांब्यापितळेची भांडी वजनावर जातात. फडताळातली चिनीमातीची भांडी तेवढी कोणाच्याच हिशेबात नसतात. शेवटच्या दिवशी कोणीतरी ती गोणत्यात भरते आणि भंगारवाल्याला देऊन टाकते. काही महिन्यांनी त्यातलीच एखादी निळी बशी पणजीच्या फोंताइन्हासमधल्या एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगलेली दिसते.

ती बशी भिंतीवर गेली म्हणून माझी तक्रार नाही. भंगारात जाण्यापेक्षा ते बरेच. पण घरातून निघण्याआधी ती कोणी एकदा पालथी घालून पाहिली होती का, एवढाच प्रश्न मला पडतो. कारण त्या घराचा एक इतिहास तिच्या तळावर छापलेला असतो. तो वाचायला फारशी विद्वत्ता लागत नाही. चांगला उजेड, एक भिंग आणि थोडी चिकाटी पुरते.

आमच्या महाविद्यालयात स्थानिक इतिहासाचा छोटा प्रकल्प म्हणून मुलांना घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगितली होती. समया आल्या, अडकित्ते आले, पोर्तुगीज नाणी आली आणि सात-आठ जणांकडून निळ्या नक्षीच्या बशा व ताटे आली. जवळजवळ प्रत्येकाचे म्हणणे एकच, "सर, ही मकावची. आजोबा सांगतात." गोव्यात निळे-पांढरे जे जे दिसेल ते मकावचे, हा समज पक्का आहे आणि तो अगदी निराधारही नाही. मकाव पोर्तुगीजांकडे होते, तिथून चिनी भांडी गोव्यातल्या बड्या घरांत खरोखरच आली. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यासारख्या ठिकाणी ती आजही पाहायला मिळतात. पण आमच्या वर्गात आलेल्या त्या भांड्यांत चिनी एकच निघाले. बाकीच्यांच्या तळाला इंग्लंड, हॉलंड, पोर्तुगाल आणि जपान होते.

ही भांडी चिनी दिसतात, कारण ती चिनी दिसावीत म्हणूनच बनवलेली होती. अठराव्या शतकात चीनच्या हाताने रंगवलेल्या भांड्यांना युरोपात मोठी मागणी होती आणि ती महाग होती. इंग्रज कुंभारांनी त्यावर तोड काढली ती छपाईची. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ साली प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की आपण सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर चित्रे छापली. हाताने रंगवणाऱ्याला एवढ्या कामाला किती महिने लागले असते ते सांगायला नको. पुढे १७८४ च्या सुमारास स्टॅफर्डशायर परगण्यातल्या जोसाया स्पोड याने झिलईच्या खाली निळ्या रंगात छापण्याचे तंत्र बसवले आणि तिथून या भांड्यांचा पूर आला. यालाच ट्रान्स्फरवेअर म्हणतात. आपण छापाची भांडी म्हणू.

कृती ऐकण्यासारखी आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे. पत्रा गरम करून त्यात तेलात खललेला रंग भरायचा, वरचा रंग पुसून घ्यायचा आणि पातळ कागदावर त्याचा छाप उचलायचा. हा ओला छाप कात्रीने कापून एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या बशीवर चिकटवायचा आणि ताठ ब्रशाने घासायचा. मग बशी पाण्यात बुडवली, की कागद सुटून येतो आणि चित्र मातीवर राहते. लहानपणी वहीवर पाण्याने चिकटवायची चित्रे आपण लावत होतो, साधारण तोच प्रकार. मग हलक्या आचेवर तेल जाळून टाकायचे, झिलईत बुडवायचे आणि पुन्हा भट्टीत. निळाच रंग का, तर भट्टीची आच निभावून नेणारा भरवशाचा रंग तेव्हा कोबाल्टचा निळा हाच होता. तपकिरी, हिरवा, गुलाबी, जांभळा हे रंग १८२८ च्या सुमारापासून दिसू लागतात. म्हणजे गुलाबी नक्षीची बशी कोणी अठराव्या शतकातली म्हणून दाखवली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

हाताने रंगवलेले आणि छापलेले यांतला फरक ओळखायची सोपी जागा म्हणजे काठ. कागदाची पट्टी गोल काठावर बसवताना कुठेतरी जोड येणारच आणि तिथे नक्षी जुळत नाही. फुलाची अर्धी पाकळी गायब असते, वेल मध्येच तुटून दुसरीकडून सुरू होते. लुगड्याला काठ जोडताना नक्षी चुकते तसेच. घाईत काम करणाऱ्या एखाद्या मुलीच्या हातची ती चूक दीडशे वर्षांनीही तशीच दिसते. मला या बशांत सर्वांत आवडणारी गोष्ट तीच. भिंगातून पाहिले तर छापात बारीक रेघा आणि ठिपके दिसतात, चिनी हस्तकामात कुंचल्याचा फटकारा दिसतो, रंग कुठे दाट तर कुठे विरळ. चिनी भांड्याच्या तळाची कडी बहुधा झिलईविना खरखरीत असते. इंग्रजी बशीच्या तळाला मात्र झिलई असते आणि काठाच्या मागे तीन तीन बारीक टोचण्या असतात. भट्टीत बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेल्या तिपाईच्या त्या खुणा.

आता शिक्क्याकडे येऊ. इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीला घसरतात. तळाला सिंह आणि एकशिंगी घोडा असलेले राजचिन्ह दिसले, की घरात आनंदीआनंद होतो. "राणीच्या घरचे दिसते!" तसे काही नाही. इंग्लंडच्या कितीतरी कारखान्यांनी हे राजचिन्ह बेधडक वापरले. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'महाराजा' लिहितात, त्याहून त्याचा अर्थ फार निराळा नाही. त्यातून एक गोष्ट मात्र कळते. मधल्या ढालीवर आणखी एक छोटी ढाल असेल तर शिक्क्याची रचना १८३७ च्या आधीची, नसेल तर नंतरची. त्या वर्षी व्हिक्टोरिया गादीवर आली आणि हॅनोव्हरचे राज्य वेगळे झाले, तेव्हा ती छोटी ढाल काढली गेली.

दुसरी खूण चौकटच्या आकाराची. पत्त्यातल्या चौकटीसारखी आकृती, वरच्या टोकाला छोट्या वर्तुळात रोमन चार आणि कोपऱ्यांत अक्षरे-आकडे असतील, तर ती नोंदणीची खूण. १८४२ ते १८८३ या काळात नक्षीची सरकारी नोंदणी केली की ती मिळे. रोमन चार म्हणजे मातीकामाचा वर्ग. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. गंमत म्हणजे ही अक्षरे वर्णानुक्रमाने चालत नाहीत. एक्स हे अक्षर वर असले तर १८४२, उजवीकडे असले तर १८६८. बाकीच्यांसाठी तक्ता पाहावा लागतो. जेफ्री गॉडन यांचा ब्रिटिश मातीकामाच्या शिक्क्यांवरचा १९६४ चा जाडजूड कोश त्यासाठी प्रसिद्ध आहे. १८८४ पासून चौकट गेली आणि साधा नोंदणी क्रमांक आला. 'आर-डी नंबर' अशी अक्षरे आणि पुढे आकडा. आकडा एकपासून सुरू झाला, १८९० ला सुमारे एक लाख चाळीस हजारांवर आणि १९०० ला साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचला. आपल्या बशीवरचा आकडा या दोन टप्प्यांच्या कुठे बसतो ते पाहिले, की अदमास येतो. पण लक्षात ठेवायचे, की ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे, बशीच्या जन्माची नव्हे. चालणारी नक्षी कारखाने वर्षानुवर्षे छापत राहत.

तिसरी खूण सर्वांत सोपी आणि आपल्या भागात सर्वांत उपयोगाची. 'इंग्लंड' हा शब्द. अमेरिकेने १८९० मध्ये नवा जकात कायदा केला, त्यानुसार १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. माल अमेरिकेला जावो की हिंदुस्थानात, शिक्के एकच असल्यामुळे तो शब्द सगळीकडे आला. तेव्हा 'इंग्लंड' असेल तर बशी साधारण १८९१ च्या पुढची. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. 'लिमिटेड' असेल तर बहुधा १८८० च्या पुढची. या सगळ्या खुणा 'याच्या आधीची नाही' एवढेच सांगतात. 'याच्या नंतरची नाही' हे सांगणारी खूण क्वचित मिळते.

कारखान्याचे नाव वाचता आले तर काम आणखी सोपे. आमच्याकडे पाहण्यात येणारी नावे म्हणजे जॉन्सन ब्रदर्स, मीकिन, ग्रिंडली, वुड अँड सन्स. गावाचे नाव हॅन्ली, बर्स्लेम, टनस्टॉल असे काही असेल. ही सगळी स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातली कुंभारगावे, १९१० मध्ये ती एकत्र करून एक मोठे शहर झाले. शिक्क्यातच एखादे भारदस्त नाव असले तर तेही जपून वाचावे. ते बहुधा नक्षीचे नाव असते. ऑल्कॉक कारखान्याच्या १८४० च्या सुमाराच्या एका निळ्या नक्षीचे नाव 'सिंद' होते, पण तिचा सिंध प्रांताशी संबंध नावापुरताच. स्पोडने मात्र १८१० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या शिकारीच्या चित्रांची खरी मालिका काढली, कॅप्टन थॉमस विल्यमसन यांच्या शिकारीवरच्या सचित्र ग्रंथावरून. ती इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांसाठी होती. आपल्या वाघ-डुकरांचे चित्र असलेल्या ताटात तिकडे कोणी गोमांस वाढून घेत असेल, ही कल्पना मोठी मजेशीर आहे.

आणि विलो. पूल, पुलावर तीन माणसे, झुकलेले विलोचे झाड, वर दोन पक्षी. पळून गेलेल्या प्रेमिकांची एक करुण चिनी दंतकथाही त्याला जोडून सांगतात. चीनमध्ये ती कोणाला माहीत नव्हती. १७९० च्या सुमारास इंग्रजांनी चिनी चित्रांचे तुकडे जोडून ही नक्षी बनवली आणि कथा नंतर रचली. पुढे शेकडो कारखान्यांनी ती छापली, जपाननेसुद्धा. म्हणून विलो पाहून कारखाना सांगता येत नाही, तळच पाहावा लागतो.

ही भांडी पेडणे-डिचोलीत कशी पोहोचली? गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य, मग बशी इंग्रजी कशी, असे मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. त्यामुळे १८८० पासून १८९२ च्या सुरुवातीपर्यंत गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली होती. याच कराराने मुरगावची रेल्वे आली, मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि गोव्यातले लोक त्याविरुद्ध ओरडले. पण विलायती माल सीमेवरून निर्वेध येऊ लागला. पेडण्याला तर रेल्वेचीही गरज नव्हती. वेंगुर्ल्याचे बंदर पलीकडेच, तिथे मुंबईची बोट लागे. शिवाय पेडणे काय किंवा डिचोली काय, नव्या काबिजादीचे हे तालुके अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पोर्तुगीजांकडे गेले. त्यांचे सोयरेधायरे, बाजार आणि देवधर्म सावंतवाडीशीच बांधलेले राहिले. काही बशांच्या तळाला कारखान्याच्या नावाखाली मुंबईच्या आयातदार दुकानाचेही नाव छापलेले असते. असे नाव मिळाले तर तो तुकडा जपून ठेवावा, कारण मग वाटच सापडते.

दुसरी वाट माणसांची. गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे लोक, इंग्रजी बोटींवर खानसामे, बटलर, स्टुअर्ड म्हणून पिढ्यानपिढ्या होते. एका विद्यार्थिनीने एक पांढरे ताट आणले होते. काठावर निळी रेघ आणि उगवत्या सूर्याची निशाणी. घरात सांगत, की एका राजाने पणजोबांना खूश होऊन दिले. ती निशाणी पी अँड ओ या बोट कंपनीची निघाली. मुलीला हे सांगताना मला थोडे अवघड झाले, कारण राजाच्या ताटावरून तिच्या घरात पुष्कळ काही बोलले गेले असणार. चार दिवसांनी ती हसत आली. तिची शामाय, म्हणजे आजी, ऐकून एवढेच म्हणाली होती, "मागीर? म्हजो पाय तारवार आशिल्लो." बाप बोटीवर होता, ही गोष्ट आजीला ठाऊकच होती. राजा मधल्या पिढीने आणला होता. बोटीवरचे ताट घरी कसे आले, हे विचारायचे नसते.

तिसरी वाट १९५० नंतरची आणि तीच डिचोलीची खास. भारताने १९५५ च्या सुमारास गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा गोव्यात विलायती वस्तू उलट वाढल्या. हॉलंडचे बटाटे खाल्लेली पिढी अजून आठवणी सांगते. याच काळात डिचोलीच्या खाणींचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. म्हणून डिचोली-साखळीकडच्या घरात जपानी चहाचा सेट सापडला, तर इंग्रजी नाही म्हणून नाक मुरडू नये. त्या घराचा इतिहास बहुधा तोच बरोबर सांगतो. जपानी शिक्के वाचायला सोपे. 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१ च्या दरम्यानचे, 'मेड इन जपान' असेल तर साधारण त्यापुढचे आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९५२ च्या आधीच्या, अमेरिकी ताब्याच्या त्या थोड्या वर्षांतले.

हॉलंडच्या मास्ट्रिख्त शहराचे नाव आणि स्फिंक्स असेल तर तो पेत्रुस रेगूचा कारखाना, त्याने आशियाभर छापाची भांडी पाठवली. पोर्तुगालचे नाव असेल तर बहुधा लिस्बनजवळचे साकाव्हें. १८५६ साली स्थापन झालेला हा कारखाना लवकरच हॉवर्थ नावाच्या इंग्रजाकडे गेला आणि इंग्रजी पद्धतीनेच छापाची भांडी काढू लागला. त्यामुळे पुष्कळ बशा दिसायला इंग्रजी, पण शिक्क्याने पोर्तुगीज असतात. 'रेआल', म्हणजे शाही, हा शब्द शिक्क्यात असेल तर तो पोर्तुगालमधली राजेशाही संपण्यापूर्वीचा, म्हणजे १९१० च्या आधीचा धरायला हरकत नाही. ग्वाल्हेर पॉटरीज किंवा बेंगॉल पॉटरीज असे नाव वाचून काही जण हिरमुसतात. का ते मला कळत नाही.

आता थोडे घराच्या आतले. आमच्या भागातल्या हिंदू घरांत चिनीमाती सहजासहजी स्वयंपाकघरात शिरली नाही. तांब्यापितळेचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही. त्यात या भांड्यांत हाडे असतात ही कुजबुज. ती कुजबुज अर्धी खरी होती. बोन चायना नावाच्या पातळ, उजेडात धरले तर बोटांची सावली दिसणाऱ्या भांड्यांत सुमारे निम्मी हाडांची राख असतेच. पण ही जाड निळी छापाची भांडी बहुतेक साध्या मातीची, त्यांत हाडाचा अंशही नाही. बिचारी विनाकारण बाहेर राहिली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांमागेही प्रायश्चित्ताचे लचांड लागले होते. तिथे खेड्यातल्या घरांची काय कथा? कपबशा ओसरीवरच्या फडताळात राहत. दिवाणखान्यात आलेल्या पोर्तुगीज अंमलदारासाठी त्या निघत आणि धुऊन पुन्हा तिथेच जात. चहा घरोघर झाला तेव्हा कुठे त्या माजघर ओलांडून आत गेल्या.

डिचोली तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. घर विकायचे ठरले होते, म्हणून मालकांनी, त्यांना मी काका म्हणतो, फडताळातल्या वस्तू दाखवायला बोलावले. हिरव्या छापाचा चहाचा सेट, तळाला कारखान्याचे नाव, 'इंग्लंड' आणि नोंदणी क्रमांक. क्रमांकावरून नक्षी १८९० नंतरच्या दहा वर्षांतली. बशा बारा, कप अकरा. आदल्याच आठवड्यात एक व्यापारी येऊन गेला होता. पूर्ण डझन असता तर भाव वेगळा दिला असता, असे त्याचे म्हणणे. बारावा फुटला असेल, मी म्हणालो. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून मागच्या दाराने गोठ्याकडे गेले आणि वळचणीच्या वाशात हात घालून एक कप काढून आणला. कान तुटलेला, आत चहाचा काळा थर. धुऊन पाहिला तर तोच हिरवा छाप, तळाला तेच नाव.

"तो कामेऱ्यांचा," काका म्हणाले. शेतावर येणाऱ्या गड्यांचा. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की ज्याचा त्याने धुऊन वाशात ठेवायचा. कान तुटल्यावर तो बाहेर गेला की बाहेर न्यायचा म्हणून कान तुटलेला निवडला, ते काकांना आठवत नव्हते. त्यांच्या लहानपणापासून तो तिथेच होता. महाराष्ट्रातल्या किती गावांत, किती चहाच्या दुकानांत असे वेगळे कप होते, हे आपल्याला पुस्तकांतून माहीत असते. पण आतला कप आणि बाहेरचा कप एकाच कारखान्याचे, एकाच डब्यातून गवताच्या पेंढीत बांधून आलेले, हे हातात धरून पाहणे वेगळे. व्यापाऱ्याला तो कप नको होता. कान तुटल्यावर किंमत शून्य, असे त्याने फोनवर सांगितले. अकरा कप आणि बारा बशा गेल्या. बारावा काकांनी विकला नाही. आता पर्वरीच्या फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवला आहे, हे मी विचारलेले नाही.

किमतीचे विचारणारे पुष्कळ भेटतात म्हणून सांगतो. विलोची सुटी बशी कोणाला श्रीमंत करत नाही, अशा बशा लाखोंनी निघाल्या. मोठे थाळे, सूपचे झाकणाचे भांडे, १८३० च्या आधीचे चांगले छाप यांना मोल असते, तेही तडा नसेल तर. तडा ओळखायला बशी बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारावी. अखंड बशी खणखणते, तडकलेली बद्द वाजते. नकलीही आहेत. मोठा थोरला राजचिन्हाचा शिक्का, 'व्हिक्टोरिया' आणि 'आयर्नस्टोन' असे शब्द, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला पिवळटपणा. असल्या एका 'दीडशे वर्षांच्या' ताटाच्या तळाला शिक्क्याखाली बारीक अक्षरांत 'डिशवॉशर सेफ' लिहिलेले मी पाहिले आहे.

विकणाऱ्यांनी एक कायदाही ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. 'इंग्लंड' शिक्क्याच्या सुरुवातीच्या बशा आता शंभरी ओलांडून गेल्या आहेत. हणजुणेच्या बाजारात भेटलेल्या परदेशी पाहुण्याला आजीची बशी देऊन टाकताना हे लक्षात असलेले बरे.

घरात ठेवणार असाल तर ब्लीच लावू नका, तारेच्या चोथ्याने घासू नका. झिलईला बारीक तडे गेले असतील तर पाण्यात भिजत घालू नका, डाग आत उतरतो. जुन्या झिलईत शिसे असे, म्हणून सोलकढी, लोणचे, आमसुलाचे सार असले आंबट काही त्यात वाढू नये. शोभेला ठेवावे आणि चहा नव्या कपातून प्यावा. फुटलेली बशीही लगेच टाकू नये, शिक्का असलेला तुकडा राखावा. पितळेच्या बारीक टाक्यांनी सांधलेले एक ताट मी पेडण्यात पाहिले. ते नव्या ताटापेक्षा मला जास्त बोलके वाटले, कारण ते कोणाला तरी टाकवले नव्हते.

आणि विकायचेच असेल तर आधी दोन छायाचित्रे घ्या, एक तोंडाचे आणि एक तळाचे. तळाचे घेताना उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे मातीत दाबलेले शिक्केही दिसतात. ते झिलईखाली असतात आणि समोरच्या उजेडात हमखास निसटतात. छायाचित्राखाली लिहून ठेवा, बशी कोणाच्या घरची, फडताळात होती की ओसरीवर की गोठ्यात, कोण म्हणत असे की ती कुठून आली. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांनी मकाव सांगितले तर मकावच लिहा. तळावर काय आहे ते त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत.